थांबे धरून

आमच्या लोहाऱ्याच्या स्टँडवर गाडी कधी येणार हे विचारायची सोय नव्हती. खिडकीआड जे गृहस्थ बसायचे ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "गाडी येती. कवा येती ते गाडीला इचारा." विचारणारा नवखा असला तर ओशाळून मागे सरकायचा. पण त्याच गृहस्थांना अंतर विचारा, अमक्या गावाहून तमक्या गावाला जायला किती वेळ लागतो ते विचारा, की हातातलं काम बाजूला पडलंच. "लातूर म्हणता? गाडीनं दोन तास. थांबे धरून सव्वादोन. ड्रायव्हरला औशात भूक लागली तर अडीच." मग औशात कुठल्या ड्रायव्हरला कुठल्या हॉटेलात काय खायला आवडतं हे सगळं ऐकावं लागायचं. तोवर लातूरची गाडी निघूनही जायची.

'थांबे धरून' हे त्यांचं पालुपद होतं. थांबे न धरता सांगितलेल्या वेळेला ते 'छापील वेळ' म्हणायचे आणि ते म्हणताना तोंड असं करायचे की खोटं नाणं कुणी हातावर ठेवलंय. भिंतीवरच्या वेळापत्रकावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. ते वेळापत्रक त्यांनीच रंगवून घेतलं होतं, ही गोष्ट वेगळी.

गावात सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. माझी आई अण्णा म्हणायची, मी काका. पप्पा तहसीलमध्ये कारकून आणि आमचं भाड्याचं घर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळे काकांचा लाउडस्पीकर आमच्या स्वयंपाकघरातच वाजतोय असं वाटायचं. आईचा सगळा दिवस त्या आवाजावर चालायचा. सोलापूर गाडी पुकारली की ती भाकरीचं पीठ काढायची, तुळजापूर पुकारली की पप्पांचा डबा भरलेला असायचा. घरात घड्याळ होतं. पण ते आईसाठी नव्हतं, पाहुण्यांसाठी होतं.

बारीक अंगकाठी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा आणि त्याच्या खिशात काळ्या दोऱ्याचं रीळ. राहायला तीन-चार किलोमीटरवरच्या वाडीत, येणं-जाणं सायकलवर. सायकल का, तर त्यांना गाडी लागायची. ज्या माणसाने उभं आयुष्य गाड्या सोडण्यात घालवलं, तो स्वतः गाडीत बसला की पहिल्या वळणावर खिडकी शोधायचा. "म्या माकणीपत्तूर जातो कसाबसा," असं ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना लाजायचे नाहीत. माकणी आमच्याहून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे ज्या माणसाला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक फाट्यावरचा चहा किती वेळ घेतो हे ठाऊक होतं, त्याने तुळजापूरसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं ज्ञान यायचं त्यांच्या खुर्चीमागच्या नकाशातून. कुठल्याशा शाळेने टाकून दिलेला जगाचा जुना नकाशा होता तो. कडा फाटलेल्या, मधोमध घडीवर आफ्रिका उसवलेली. दुपारी गाड्यांची वर्दळ कमी झाली की काका खिशातलं रीळ काढायचे, दोरा दोन गावांवर ताणायचे, नखांत धरून तसाच खाली आणायचे आणि नकाशाच्या तळाशी जी किलोमीटरची पट्टी छापलेली असते तिच्यावर मोजायचे. मोजायचे मात्र कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भांडाण मराठीत करावं, मोजणी कानडीत. आयच्या भाषेत मोजताना माणूस फसत न्हाई."

माणूस कुठल्याही भाषेत फसतो हे पुढे त्यांना आणि मला चांगलंच कळलं.

मी तेव्हा उमरग्याला कॉलेजात जात होते. सकाळची गाडी ज्या दिवशी वेळेवर यायची त्या दिवशी आम्हा मुलींना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. एरवी अर्धा-पाऊण तास स्टँडवर काढायचा. मी एकटी उभी दिसले की काका आत बोलवायचे आणि म्हणायचे, "हं, धर बाई तिकडचं टोक." मी दोऱ्याचं टोक दिल्लीवर धरायची, ते दुसरं टोक घेऊन मद्रासला जायचे. असं करता करता सगळा देश झाला, मग सगळा आशिया झाला, आणि एक दिवस ते स्टुलावर चढून नकाशाच्या अगदी वरच्या चौकटीजवळ गेले.

त्या नकाशावर विमानतळांना बारीक विमानाची खूण होती. नॉर्वेच्या शेंड्याला एक खूण, ट्रॉम्सो. तिच्याही वर, जिथे नुसता निळा समुद्र आणि पांढरी बेटं, तिथे आणखी एक. लाँगइयरब्येन. चष्मा कपाळावर सरकवून काका ते नाव अक्षर-अक्षर लावत होते.

"ह्या दोन ठाण्यांच्या मधी रस्ता न्हाई," ते म्हणाले. "नुस्ता समुद्र. म्हंजे तिथं इमान हीच यष्टी. तिथली माणसं बी आशीच हुबी ऱ्हात असतील बघ. इमान कवा येणार म्हणून इचारत असतील."

"आणि तिथला कंट्रोलर काय म्हणत असेल?"

"काय म्हणणार? इमानाला इचारा म्हणत आसंल," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

दोरा ताणला, पट्टीवर आणला. साडेतीन हजार किलोमीटर भरले. काकांनी तीनदा मोजलं. मग विमानाच्या वेगाने भाग देऊन त्यांनी निकाल दिला, पाच तास. वर असंही सांगितलं की इतक्या लांबची शेवटची फेरी मुक्कामीच असणार. म्हणजे संध्याकाळी जाणार, रात्री तिथेच राहणार, सकाळी माणसं घेऊन परतणार. आमच्याकडे कडेच्या गावांना गाडी अशीच जाते. त्यांच्या लेखी शेवटचं गाव म्हणजे मुक्कामी गाडी, मग ते लोहारा तालुक्यातलं असो नाहीतर उत्तर ध्रुवाजवळचं.

या शोधाचा त्यांना एवढा आनंद झाला की महिनाभर स्टँडवर दुसरा विषय नव्हता. भजीवाल्याला सांगून झालं, कंडक्टरांना सांगून झालं. उमरग्याचे कंडक्टर गाडीतून उतरता उतरता विचारायचे, "काय कंट्रोलर, ट्रॉम्सो सुटली का?" काका मान हलवून म्हणायचे, "मुक्कामी हाय ती. सकाळी येईल." आईसुद्धा भाकरी थापताना स्वतःशीच हसायची, कारण हे सगळं तिला भिंतीतून ऐकू यायचं.

पुढे मी भूशास्त्र घेतलं. आमच्या भागातल्या पोरांना जमीन का हलते हे कळावंसं वाटणं काही नवलाचं नाही. एम.एस्सी. बाहेरगावी झाली, आणि त्या वर्षी गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासासाठी दोन वर्षांची एक जागा निघाल्याचं वाचनात आलं. जागा लाँगइयरब्येनची. बरोबरच्या मुलांना ते नाव वाचता येईना. मला ते उमरग्याच्या गाडीची वाट बघता बघता पाठ झालेलं होतं. खरं सांगायचं तर अर्ज मी निम्म्याहून अधिक त्याच कारणाने केला.

निवड झाली. कळवायला पंधरा दिवसांची मुदत होती. मी घरी आले, पप्पांनी पत्र वाचलं, त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच आईकडे बघून बारीक झाला.

इथे आईचं सांगायला हवं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासर माकणी, माहेर सास्तूर. पहाटे सगळं हललं, माकणीच्या घराची भिंत सासू-सासऱ्यांच्या अंगावर आली. त्यांना बाहेर काढून, झाडाखाली बसवून मग ती सास्तूरला निघाली. वाट म्हणाल तर चालत दोन तासांची. पोचायला तिला दुपार झाली. तिच्या आईला माणसांनी जिवंत बाहेर काढलं होतं, सकाळभर ती जिवंत होती. आई पोचली तेव्हा नव्हती. एवढंच मला माहीत होतं, तेही पप्पांकडून. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त मी कुठेही जायला निघाले की ती एकच प्रश्न विचारायची, "तिथनं यायला किती येळ लागतो?" जायला किती, हे तिने कधी विचारलं नाही.

या वेळी तिने मला विचारलंही नाही. डोक्यावर पदर घेऊन ती सरळ स्टँडवर गेली आणि खिडकीशी उभी राहिली. मी मागोमाग.

"अण्णा, ही म्हणती त्या गावाहून हितं यायला किती येळ लागतंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. एवढी वर्षं दोऱ्याने मोजलेल्या गावाला खरंच कुणीतरी जाणार, हे त्यांना पटायलाच थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "अक्का, घाईनं सांगायची गोष्ट न्हाई ही. दोन दिस द्या."

दोन दिवसांनी ते सायकलवरून घरी आले, पाटावर बसले आणि कागद उलगडला. लाँगइयरब्येन ते ट्रॉम्सो पाच तास, ट्रॉम्सोला मुक्काम. ट्रॉम्सो ते ऑस्लो चार तास, तिथेही मुक्काम. पुढे आखातातला थांबा, हैदराबाद, उमरगा, लोहारा. थांबे धरून साडेचार दिवस.

"काका, काहीतरीच काय," मी म्हणाले आणि फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. त्या दोन विमानतळांमध्ये एक तास चाळीस मिनिटं. विमान कंपनीनेच दिलंय."

त्यांनी फोनकडे नीट पाहिलंही नाही. "छापील हाय ते," म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा एवढा राग आला की सांगता येत नाही. जन्मभर माकणीच्या पुढे न गेलेला माणूस फाटक्या नकाशावर दोरा फिरवून माझं भविष्य ठरवत होता आणि आई त्याचं ऐकत होती. ती ऐकणारच. तीस वर्षांत त्या भिंतीपलीकडच्या आवाजाने तिला कधी फसवलं नव्हतं.

आईने कागद हातात घेतला. तिला त्यातलं काय वाचता आलं कोण जाणे. "साडेचार दिस," ती म्हणाली. "म्हंजे राख सावडायला बी पोचायची न्हाईस."

काका चहा अर्धा टाकून उठले. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मुदतीतले दिवस जात राहिले आणि घरात जेवणाखेरीज बोलणं उरलं नाही. जायचं तर आईला रडवून जायचं, किंवा राहायचं आणि आयुष्यभर तिच्यावर रुसून राहायचं. मला दोन्ही जमणार नव्हतं.

त्या दिवसांत काकांचं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्यांना झोप लागेना. माझ्या फोनमधला एक तास चाळीस मिनिटांचा आकडा त्यांनी न बघितल्यासारखं केलं होतं, पण तो बघितला होता. छापील वेळ खोटी असते हे खरं. पण त्यांनी नोकरीभर पाहिलेल्या खोट्याला एक माप होतं. गाडी दोन तासांची असली तर छापणारा पावणेदोन छापतो. पाच तासांची गाडी पावणेदोन तासांची म्हणून कुणी छापत नाही. "खोटं बोलायची बी हद्द असती की बाई," असं ते मला पुढे म्हणाले. छापणारा एवढं खोटं बोलणार नाही, म्हणजे खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय. ते स्टुलावर चढले आणि पहिल्यांदा त्यांनी नकाशावरची गावं न बघता रेघा बघितल्या. आडव्या रेघा दहा-दहा अंशांच्या. खाली आपल्याकडे दोन रेघांमध्ये चार बोटं जागा. वर, त्या दोन विमानतळांच्या पट्ट्यात, वीत पुरेना. दहा अंश इथेही दहाच आणि तिथेही दहाच, मग वरचे दहा एवढे मोठे कसे?

दुसरा कुणी असता तर फोन विचारला असता. काका बाजारातल्या कुंभाराकडे गेले. त्याच्याकडची सगळ्यात गोल घागर निवडायला त्यांनी म्हणे अर्धा दिवस घेतला. कुंभार वैतागून म्हणाला, "पाणी प्यायचंय का हिच्याशी लगीन लावायचंय?" घागर घरी नेऊन त्यांनी तिच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला, चुन्याने रेघा ओढल्या, एका जुन्या पाठ्यपुस्तकातून अंश बघून लोहारा मांडलं, ट्रॉम्सो मांडलं, लाँगइयरब्येन मांडलं. मग दोरा ताणला. हजार किलोमीटरही भरेनात. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हणून छापणाऱ्याने वरचा भाग ताणून ताणून मोठा केला होता, आणि काका इतकी वर्षं त्या ताणलेल्या कागदाला तळाची पट्टी लावत बसले होते.

हे आम्हाला कळलं ते असं. सकाळची दहाची वेळ, आई चुलीपुढे, मी तोंड पाडून भाजी निवडत होते. भिंतीपलीकडे स्पीकर खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन ह्या फेरीचा प्रवासाचा वेळ पाच तास सांगण्यात आला होता. तो चुकीचा आहे. बरोबर वेळ एक तास चाळीस मिनिटे. फेरी मुक्कामी नाही. चूक गाडीची नसून नियंत्रकाची आहे. ज्यांनी आधीचा वेळ ऐकला असेल त्यांनी नोंद घ्यावी." आणि त्याच दमात, "उमरगा गाडी फलाट दोनवर लागत आहे."

आईचा हात तव्यावर तसाच राहिला. काकांनी आजवर कुठलीही घोषणा मागे घेतली नव्हती. गाडी एका फलाटावर पुकारली आणि दुसऱ्यावर लागली तर ते ड्रायव्हरला गाडी उचलून पहिल्यावर आणायला लावायचे, पण शब्द फिरवायचे नाहीत. स्टँडवर तेव्हा एक म्हातारेबुवा ती ट्रॉम्सो गाडी कुठल्या फलाटाला लागते म्हणून विचारायला खिडकीशी गेले, आणि काकांनी त्यांना सगळी भानगड पहिल्यापासून समजावून सांगितली, असं भजीवाला सांगतो.

दुपारी ते घागर घेऊन आले. सायकलच्या दांडीवर बांधून, चालत, कारण वाटेत ती आपटायची भीती. माझ्याकडे न बघता आईपुढे घागर ठेवली.

"अक्का, मी चुकलो," ते म्हणाले. "कागद सपाट हाय, दुनिया गोल हाय. एवढं साधं माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई. समदं पुन्हा मोजलं. आता थांबे धरून बेचाळीस तास."

"बेचाळीस म्हंजे?"

"आज दुपारी जेवून निघाली तर परवा सकाळी तुमच्या भाकरीच्या येळेला हितं."

आईने घागरीवरच्या चुन्याच्या दोन ठिपक्यांकडे बघितलं. त्यांच्यात बोटभर अंतर होतं. "आन् इमान आलंच न्हाई तर?"

मला वाटलं काका आता काहीतरी गोड बोलतील. येईलच की, न यायला काय झालं, असं. ते म्हणाले, "तिकडं बर्फ हाय, वारं हाय. एखांद्या दिशी न्हाई येणार. तवा मी येऊन सांगीन, आलं न्हाई म्हणून. आन् पुढचं कवा, ते बी सांगीन. बेचाळीस तासांत काय व्हायचं ते माझ्या हातात न्हाई अक्का. पर खोटा टायम देणार न्हाई."

आई उठून आत गेली, त्यांना प्यायला पाणी आणून दिलं. मग माझ्याकडे पाठ करून त्यांनाच म्हणाली, "जा म्हणावं तिला."

मी गेले. ट्रॉम्सोला सगळ्यांना उतरवून पासपोर्ट बघतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात, हा थांबा काकांच्या यादीत नव्हता. मी फोनवर सांगितलं तर हळहळले. बाकी लाँगइयरब्येनचा विमानतळ त्यांनी सांगितला तसाच निघाला. एवढंसं ठाणं, एकमेकांना ओळखणारी माणसं, आणि वारा सुटला की खिडकीशी जाऊन विमान कधी येणार असं विचारणारी. आतली बाई खांदे उडवायची. मला तिथे पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात पप्पांचा फोन आला. आईच्या छातीत दुखायला लागलं, उमरग्याच्या दवाखान्यात नेलंय, डॉक्टर म्हणतात चोवीस तास काढायला हवेत. पप्पांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. मी धावत विमानतळावर गेले. वादळ होतं. ट्रॉम्सोहून निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं होतं. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला दुसरं काही सुचलं नाही, मी काकांना फोन लावला. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

मी रडत होते. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "किती वाजता माघारी फिरलं? पुढचं कवाचं सांगतायत? ऑस्लोचं कनेक्शन चुकतंय का?" एकेक विचारून घेतलं. मग म्हणाले, "तू नुस्तं निघत ऱ्हा. हिकडचं मी बघतो."

हिकडचं बघायचं म्हणजे काय, ते मला पप्पांनी मागाहून सांगितलं. काका लिंबू हुंगत एसटीने उमरग्याला आले. उतरल्यावर दवाखान्याच्या कुंपणाशी बराच वेळ वाकून उभे होते. मग तोंड धुऊन, भस्म नीट करून आत गेले. भेटायला सकाळ-संध्याकाळ दहाच मिनिटं सोडत होते. ती दहा मिनिटं पप्पांनी त्यांना दिली. ते आईच्या उशाशी उभे राहून सांगायचे. "अक्का, इमान आज न्हाई. वादळ हाय. उद्या दुपारी सुटतंय." दुसऱ्या दिवशी, "अक्का, सुटलं. समुद्रावर हाय." पुढच्या खेपेला, "ऑस्लो सोडलं. आता हैदराबादपत्तूर दोनच इमानं." नर्सला वाटलं म्हातारबुवांना भ्रम झालाय.

बेचाळीस नाही, सदुसष्ट तास लागले. मी सकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा आईला साध्या वॉर्डात आणलेलं होतं. नाकातली नळी काढली होती, चेहरा उतरला होता, पण डोळे उघडे, दाराकडे. बाजूच्या स्टुलावर काका.

"आलीस," ती म्हणाली. "अण्णा साडेआठ म्हणले हुते."

नऊला दहा कमी होते. काका पुटपुटले, "नाक्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आसंल." ट्रॅक्टरच आडवा आला होता.

मी आईचा हात धरून बसले. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघ, मी सांगत होते, एवढ्या लांब नको. ती जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"माझ्या आयला भाईर काढलं तवा ती शुद्धीवर हुती. शेजारणीला सारखं इचारत हुती, माझी लेक निघाली का गं माकणीहून. कुणाला ठावं नव्हतं. मी वाटंला लागले हुते. अर्ध्यावर आले हुते. पर तिला सांगायला कुणीच नव्हतं." तिने दम घेतला. "तिला एवढं कळलं असतं तर ती थांबली असती. मी कशी थांबले."

पप्पा उठून खिडकीशी गेले. काका मान खाली घालून चष्मा पुसत होते, तो काही केल्या स्वच्छ होईना. मला रडू आवरत नव्हतं आणि आई माझा हात थोपटत होती, म्हणजे आजारी नक्की कोण तेच कळेना.

थोड्या वेळाने तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, स्टुलाकडे.

"अण्णा," ती म्हणाली, "हिला परत जायला गाडी कवाची हाय ते बगून ठेवा. अभ्यास ऱ्हायलाय तिचा."